परिचारिकेची विद्या

कल्याण, डोंबिवली, ठाणे या पट्ट्यात ज्याचे आयुष्य गेले आहे, त्याला परिचारिका गणवेशावाचूनही ओळखू येते. सकाळची पाळी गाठायची म्हणून ती पहाटेच्या लोकलने मुंबईकडे निघालेली असते. रात्रपाळी संपवून परतणारी तिची सहकारी थोड्या वेळाने समोरच्या फलाटावर उतरते. दोघींच्याही चेहऱ्यावर अपुऱ्या झोपेची छाया असते. यांतल्या कित्येकजणी केरळमधून आल्या, काही कोकणातून व विदर्भातून, तर काही ठाणे-वसईकडच्या आपल्याच ख्रिस्ती घरांतल्या आहेत. केरळमधून आलेल्या कुटुंबांची वस्ती या बाजूला इतकी वाढली की, 1988 मध्ये सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. ती वस्ती उभी राहण्यात परिचारिकांच्या पगाराचा वाटा मोठा आहे, हे त्या घरांतली माणसे स्वतःच सांगतात.

ही ओळख नेहमीच आदराची असते असे मात्र नाही. मे 2020 मध्ये, महासाथीच्या काळात, मुंबईत कामाला जाणाऱ्या अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांनी मुंबईतच मुक्काम करावा, असा आदेश कल्याण-डोंबिवली महापालिकेने काढला होता. टीका झाल्यावर तो मागे घेण्यात आला. परंतु तेवढ्या दिवसांत एक गोष्ट कळून चुकली. जिच्यासाठी मार्चमध्ये आपण सज्जात उभे राहून थाळ्या वाजवल्या, तिनेच रात्री आपल्या जिन्याने वर येऊ नये, असे आपल्याला मे महिन्यात वाटू शकते. गौरव आणि मान्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हा भेद परिचारिकेच्या वाट्याला देशात येतो, आणि ती परदेशी गेली म्हणजे अधिकच तीव्रतेने येतो. काही चित्रपटांच्या आधारे त्याचा विचार करावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चित्रपटांच्या आधारे असे म्हणण्याचे कारण उघड आहे. मराठी साहित्यात यासाठी आधार फारसा सापडत नाही. परदेश हा विषय आपल्याकडे भरपूर आहे. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'मधील नाना-नानींपासून आजवर आपण परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारे आईवडील रंगभूमीवर पाहत आलो. तो मुलगा बहुधा अभियंता असतो किंवा डॉक्टर असतो. परदेशात तो एकेक पायरी वर चढत जातो आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला एकाकीपणा येतो, हे त्या कथेचे ठरलेले सूत्र आहे. परदेशी गेल्यावर जिचा पगार वाढतो परंतु हुद्दा घटतो, बारा वर्षांचा अनुभव गाठीशी असताना जिला पुन्हा शिकाऊ म्हणून उभे राहावे लागते, अशा स्त्रीची कथा या सूत्रात बसत नाही. परिचर्येच्या इतिहासात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1891 मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत यांचे नाव घेतले जाते. म्हणजे हा व्यवसाय आपल्या मुलींच्या हाती येऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही त्या हातांना काय येते, याचे वर्णन आपल्या गद्यात दुर्मीळ आहे.

हिंदी पडद्यावर परिचारिका पुष्कळ वेळा आली. 1960 च्या 'दिल अपना और प्रीत पराई'मध्ये मीनाकुमारीने रंगवलेली करुणा परिचारिकाच आहे. परंतु कथेचे सारे लक्ष तिच्या मूक प्रेमावर आहे. शस्त्रक्रियेच्या खोलीतील तिचे काम हे त्या प्रेमाचे नेपथ्य ठरते. यापेक्षा पुष्कळ अधिक विचार करायला लावणारा चित्रपट म्हणजे असित सेन यांचा 1969 चा 'खामोशी'. आशुतोष मुखर्जी यांच्या बंगाली कथेवर याच दिग्दर्शकाने 1959 मध्ये 'दीप ज्वेले जाइ' हा चित्रपट सुचित्रा सेनना घेऊन केला होता; 'खामोशी' ही त्याची हिंदी आवृत्ती. वहिदा रहमान यांची राधा मनोरुग्णालयात परिचारिका आहे. रुग्णावर प्रेम करण्याचा अभिनय करून त्याला बरे करावे, असा प्रयोग तेथील प्रमुख डॉक्टर करू पाहतात. पहिला रुग्ण बरा होऊन निघून जातो. दुसरा बरा होतो, तेव्हा राधेचे मन ढळलेले असते, आणि ज्या कक्षात तिने शुश्रूषा केली त्याच कक्षात ती रुग्ण म्हणून दाखल होते.

'खामोशी' हा थोर चित्रपट आहे, याविषयी आम्हाला शंका नाही. वहिदाजींचा चेहरा त्यात जे बोलतो ते संवादांना बोलता आले नसते. परंतु आज तो पुन्हा पाहताना एक प्रश्न टोचतो. राधेला नेमके काय येते? प्रयोगाचे श्रेय डॉक्टरांकडे जाते. राधेकडे जे उरते त्याला चित्रपट 'प्रेम' म्हणतो, स्त्रीच्या अंतःकरणातून आपोआप पाझरणारे प्रेम. जे आपोआप येते ते शिकावे लागत नाही. जे शिकलेले नाही त्याला पद देण्याची वा मोल मोजण्याची गरज नसते. डॉक्टरांच्या हातून घडलेली ही चूक चित्रपटाला काही अंशी दिसते, म्हणून तर शेवट इतका दारुण होतो. तथापि त्यावर उपाय म्हणून राधेलाही कोणीतरी प्रेम द्यावे, एवढेच तो सुचवतो. तिच्या कामाला काम म्हणावे, हे त्याला सुचत नाही.

यानंतर चार दशकांहून अधिक काळ गेला आणि परिचारिका वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आली, ती इराकमुळे. जून 2014 मध्ये तिकरित शहर दहशतवाद्यांच्या ताब्यात गेले, तेव्हा तेथील रुग्णालयात 46 भारतीय परिचारिका अडकल्या होत्या. त्यांना मोसुलला नेण्यात आले आणि सुटका होऊन 5 जुलै रोजी त्या कोचीला पोहोचल्या. या घटनेवर महेश नारायणन यांनी 2017 मध्ये 'टेक ऑफ' हा मल्याळम चित्रपट केला. त्यातील समीरा या भूमिकेसाठी पार्वती यांना त्याच वर्षी गोव्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

'टेक ऑफ'चा पूर्वार्ध आम्हाला विशेष मोलाचा वाटतो. समीरा इराकला जाते ती साहसाच्या ओढीने नव्हे. घरावर कर्ज आहे आणि ते फेडणारी ती आहे. पतीच्या घरी तिच्या कामाविषयी अढी आहे, पहिल्या विवाहातून झालेला मुलगा तिच्याकडे परक्यासारखे पाहतो, आणि या सगळ्यात तिचा संताप तिने कोठेही गोड करून दाखवलेला नाही. युद्ध सुरू झाल्यावरही या मुली परत का येत नाहीत, असा प्रश्न 2014 मध्ये आपल्याकडच्या दिवाणखान्यांतून अनेकांनी विचारला होता. त्याचे उत्तर चित्रपट देतो. थकलेला पगार तेथे अडकला आहे आणि दलालाला दिलेले पैसे येथे कर्जाऊ घेतलेले आहेत. ज्याला परतीची वाट कर्जातून जाते तो गोळीबारातही कामावर थांबतो, हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. पुढे 2015 मध्ये आखाती व इतर काही देशांत जाणाऱ्या परिचारिकांची भरती सरकारी यंत्रणांमार्फतच व्हावी, असा नियम केंद्र सरकारने केला, त्यामागेही दलालीचा हाच अनुभव होता.

परंतु उत्तरार्धात 'टेक ऑफ' सुटकेचा थरारपट होतो. दूतावास, वाटाघाटी, सीमा, विमान यांनी पडदा व्यापतो आणि परिचारिका या 'सोडवून आणायच्या बायका' होतात. त्याच वर्षीच्या 'टायगर जिंदा है' या हिंदी चित्रपटाने याच घटनेचे बीज घेऊन तर त्यांना ओलीस म्हणून एका कोपऱ्यात बसवले आणि सारे मैदान नायकासाठी मोकळे केले. राधा प्रेमाची मूर्ती होती. या मुली संकटाची मूर्ती झाल्या. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी येते. दोन्ही ठिकाणी परिचारिकेला कोणती विद्या अवगत आहे, हे तो न जाणताच घरी जातो.

या पार्श्वभूमीवर पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' पाहिला पाहिजे. मे 2024 मध्ये कान महोत्सवात त्याला ग्रां प्री हा सन्मान मिळाला. तेथील मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट जाण्याची ही 30 वर्षांनंतरची पहिली वेळ होती. प्रभा (कनी कुसृती) आणि अनू (दिव्य प्रभा) या केरळहून मुंबईत आलेल्या दोन परिचारिका एकाच खोलीत राहतात. रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती ही रत्नागिरीकडची बाई, जी आपल्या छाया कदम यांनी उभी केली आहे, बिल्डरच्या दबावाखाली आपली चाळीतली खोली गमावते, कारण ती तिची आहे असे सांगणारा कागद तिच्याजवळ नाही. प्रभाचा नवरा लग्नानंतर लवकरच जर्मनीला गेला आणि त्याचे फोन हळूहळू बंद झाले. एके दिवशी जर्मनीहून एक भात शिजवायचे यंत्र टपालाने येते. पाठवणाऱ्याचे नाव नाही. रात्री प्रभा ते लालभडक यंत्र पायांत धरून, कवटाळून बसते. एवढ्या एका दृश्यात कपाडिया यांनी परदेशस्थ नवऱ्याविषयी जे सांगितले, ते सांगायला एरवी एक कादंबरी लागली असती.

या चित्रपटाविषयी बोलताना बहुतेकांनी मुंबईचा पाऊस, रात्रीच्या गाड्या, निळा रंग आणि बायकांची मैत्री यांविषयी लिहिले. ते योग्यच आहे. आमचे लक्ष मात्र प्रभाच्या हातांकडे होते. रुग्णालयातील एका प्रसंगात शिकाऊ मुली प्रसूतीनंतरच्या वारेकडे पाहून नाके मुरडतात. प्रभा त्यांना खडसावते. त्या खडसावण्यात कठोरपणा नाही. जिने हा अभ्यास केला आहे आणि किळस ही अज्ञानाची एक पायरी आहे हे जिला ठाऊक आहे, अशा शिक्षिकेचा तो स्वर आहे. अनू नोंदणीच्या खिडकीत बसलेली असताना तीन मुलांची एक तरुण आई येते, तेव्हा अनू तिला गुपचूप गर्भनिरोधक गोळ्या देते. हाही निर्णय आहे. नियमाबाहेरचा असेल, परंतु समोरच्या स्त्रीची स्थिती पाहून घेतलेला. या मुली केवळ आज्ञा पाळत नाहीत, त्या पारख करतात, हे चित्रपट सहजपणे दाखवून पुढे जातो.

आणि मग रत्नागिरीचा समुद्रकिनारा येतो. पार्वतीला तिच्या गावी पोहोचवायला या दोघी आलेल्या असतात. किनाऱ्यावर एक बुडालेला पुरुष वाहून येतो. भोवती गर्दी जमते, आणि प्रभा पुढे होते. छातीवर दाब, तोंडाने श्वास, पुन्हा दाब, माणूस जगतो. येथे डॉक्टर नाही, वरिष्ठ नाही, नोंदवही नाही. काय करायचे आणि कोणत्या क्षणी करायचे हे सर्वस्वी तिनेच ठरवले. संपूर्ण चित्रपटात तिची विद्या पूर्णपणे मोकळी झाली ती रुग्णालयाबाहेर, वाळूवर.

यानंतर घडते ते फार अर्थपूर्ण आहे. गावातील एक वृद्धा तो पुरुष प्रभाचा नवराच आहे असे धरून चालते. एका परक्या बाईने परक्या पुरुषाच्या छातीवर हात ठेवला, त्याच्या तोंडात श्वास भरला, म्हणजे ती त्याची बायकोच असणार. ही त्या वृद्धेची चूक आणि 'खामोशी'तील डॉक्टरांची चूक एकच आहे. स्त्रीच्या हाताने काळजी घेतली म्हणजे ते नाते असले पाहिजे, शिक्षण असूच शकत नाही! फरक एवढाच की, ही चूक आहे हे कपाडिया यांना पक्के माहीत आहे. त्या चुकीचा आडोसा घेऊन प्रभा मनातल्या मनात त्या हरवलेल्या नवऱ्याशी बोलते, दिवसउजेड न दिसणाऱ्या कारखान्यातील त्याचे काम ऐकून घेते, आणि अखेरीस त्याला कायमचा निरोप देते. ज्या हातांनी तिने एका अनोळखी माणसाला परत आणले, त्याच हातांनी ती एका ओळखीच्या माणसाला जाऊ देते.

हा चित्रपट आम्ही आमच्या धर्मग्रामातील एका परिचारिकेसोबत घरी बसून पाहिला. ती ठाण्यात मराठी शाळेत शिकली, लग्नानंतर कल्याणला आली, बारा वर्षे मुंबईतील अतिदक्षता विभागात होती आणि आता इंग्लंडमधील एका रुग्णालयात आहे. रजेवर आली होती. किनाऱ्याचा प्रसंग सुरू झाला तेव्हा ती पुटपुटू लागली. आम्हाला वाटले, प्रार्थना करते आहे. लक्ष देऊन ऐकले तर ती आकडे मोजत होती: सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. तीस दाबांनंतर दोन श्वास, हा तिच्या हातांचा हिशेब आपोआप चालू झाला होता. प्रसंग संपल्यावर ती एवढेच म्हणाली, "तिथे तिला कोणी प्रमाणपत्र विचारलं नाही."

या वाक्यामागचा अनुभव समजून घेण्यासाठी तेथील व्यवस्था थोडक्यात पाहावी लागेल. इंग्लंडमध्ये परदेशी परिचारिकेला नोंदणीसाठी इंग्रजीची परीक्षा, संगणकावरील परीक्षा आणि नंतर प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. प्रात्यक्षिकात दहा टप्पे असतात. ते उत्तीर्ण होईपर्यंत ती बहुधा चौथ्या वेतनश्रेणीत, एक प्रकारे सहायक म्हणून असते. उत्तीर्ण झाल्यावर ती पाचव्या श्रेणीत येते, आणि नुकतीच पदवी घेतलेली तेथील मुलगीही त्याच श्रेणीत सुरुवात करते. शिरेत सुई घालणे, शिरेतून औषध देणे यांसाठी रुग्णालयाचे वेगळे प्रमाणपत्र लागते; मागील अनुभवाने ते मिळत नाही. जर्मनीत पात्रतेला मान्यता मिळेपर्यंत सहायकाचेच काम करावे लागते. इस्रायलमध्ये वृद्धांच्या घरी राहून शुश्रूषा करणाऱ्या भारतीयांत रीतसर परिचर्या शिकलेल्या स्त्रिया आहेत. ब्रिटनने फेब्रुवारी 2022 मध्ये काळजीवाहू कामगारांसाठी व्हिसाचे दार उघडले, तेव्हा आपल्याकडच्या प्रशिक्षित परिचारिकाही त्या दारातून गेल्या. मार्च 2024 पासून त्यांना कुटुंब सोबत नेणे बंद झाले आणि जुलै 2025 मध्ये परदेशांतून होणाऱ्या नव्या भरतीसाठी ते दारच मिटले.

यात सर्वस्वी अन्याय आहे असे म्हणणे एकांगी होईल. रुग्णाच्या जिवाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांनी परक्या देशातील पदवी पडताळून पाहावी, हे रास्तच आहे. औषधांची नावे, कागदोपत्री पद्धती, यंत्रे वेगळी असतात. परंतु पडताळणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. ही रीत जुनी आहे. ब्रिटनमध्ये 1950 व 60 च्या दशकांत वसाहतींतून आलेल्या अनेक मुलींना तीन वर्षांच्या पूर्ण नोंदणीच्या शिक्षणाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमाकडे वळवण्यात आले. त्या दुय्यम प्रमाणपत्राला त्यांच्या मायदेशी बहुधा किंमत नव्हती. म्हणजे पुढे जाण्याची वाटही अरुंद झाली आणि परतीचीही.

आमच्या ओळखीची परिचारिका म्हणाली, "पहिले सात महिने माझ्या हातात सुई दिली नाही. रात्री एका म्हाताऱ्या गृहस्थांचा श्वास बदलला, तो मला दारातूनच कळला. मी सांगितलं. ज्या मुलीला सांगितलं ती माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान होती. तिने आधी माझ्या छातीवरची पट्टी वाचली, मग रुग्णाकडे गेली." गृहस्थ वाचले. पुढे तिचे कौतुकही झाले. कौतुकाचे शब्द तिच्या लक्षात राहिले आहेत: तुम्ही भारतीय मुली स्वभावतःच किती प्रेमळ असता!

येथे एक अवघड गोष्ट स्पष्टपणे लिहिली पाहिजे, कारण या विषयावरच्या तक्रारींत ती हमखास चुकीच्या जागी ठेवली जाते. "शिकलेल्या नर्सला तिकडे म्हाताऱ्यांना आंघोळी घालाव्या लागतात" हे वाक्य आपल्या घरांत हळहळीने उच्चारले जाते. आपल्या रुग्णालयांत अंग पुसणे, भरवणे, भांडे देणे ही कामे आयाबाई, वॉर्डबॉय किंवा नातेवाईक करतात. परिचारिकेच्या हाती सुया, नळ्या, औषधे असतात. युरोपात पुष्कळ ठिकाणी उलट आहे. जर्मनीत शिरेत सुई घालणे बहुतांशी डॉक्टरांचे काम मानले जाते आणि रुग्णाला स्नान घालणे हा परिचर्येचा गाभा समजला जातो. आमची परिचारिका म्हणाली, "पहिल्या आठवड्यात मला रडू आलं. नंतर त्या रडण्याचीच लाज वाटली. आंघोळ घालताना पाठीवरची जखम सुरू होण्याआधी दिसते, श्वास ऐकू येतो, माणूस बोलतो. हे काम हलकं आहे असं मला कोणी शिकवलं होतं?" हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, परंतु तो आपल्या सर्वांना आहे. देहाच्या मळाला हात लावणारा खालचा, ही समजूत आपण येथून सामानात बांधून नेतो. पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाहणाऱ्या समाजालाही ती सोडत नाही. प्रभा शिकाऊ मुलींना खडसावते ते याच समजुतीवर.

म्हणून आंघोळ घालावी लागली, हे कौशल्याचे अवमूल्यन नव्हे. पारख करण्याचा आणि त्या पारखीवरून निर्णय घेण्याचा अधिकार काढून घेतला गेला, हे अवमूल्यन होय. श्वास बदलला हे जिला दारातून कळते, तिला ते कळते याची कोठेही नोंद नसणे, हे अवमूल्यन होय. आणि त्याची सुरुवात बऱ्याचदा अपमानाने होत नाही, स्तुतीने होते. 'स्वभावतःच प्रेमळ' हे शब्द गोड आहेत, परंतु ते बारा वर्षांच्या विद्येला स्वभाव ठरवतात. स्वभावाला वरची श्रेणी देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

ही स्तुती आपल्या घरची आहे, हे आपण मान्य केले पाहिजे. 12 मे रोजी परिचारिका दिनाला आपल्या धर्मग्रामांत परिचारिकांना उभे करून टाळ्या वाजवल्या जातात, गुलाब दिले जातात, 'सेवा', 'त्याग', 'करुणा' हे शब्द व्यासपीठावरून झरतात. हे शब्द खोटे नाहीत. ख्रिस्ती परंपरेत शुश्रूषेला जे स्थान आहे ते आम्हाला प्रिय आहे. परंतु सेवा या शब्दाचा उपयोग अनेकदा वेतनाचा विषय टाळण्यासाठी झाला, हेही तितकेच खरे आहे. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. जानेवारी 2016 मध्ये न्यायालयाने दिलेल्या निर्देशानुसार समिती नेमली गेली आणि 50 खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही मासिक वेतन 20,000 रुपयांपेक्षा कमी नसावे, 200 हून अधिक खाटा असतील तेथे ते सरकारी वेतनाइतके असावे, अशा शिफारशी तिने केल्या. शिफारशी कागदावर आल्या. त्या किती ठिकाणी अमलात आल्या, हे आपल्या शहरांतील लहान रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या कोणत्याही मुलीला विचारावे. तिच्या परदेशी जाण्याचा उगम त्या उत्तरात आहे. परदेशात तिची पायरी उतरते ही गोष्ट खरी, परंतु मायदेशीही तिला पायरी होतीच कोठे?

आता पुन्हा चित्रपटाकडे. कपाडिया यांच्या कलाकृतीविषयी आमचा आदर वर व्यक्त झालाच आहे. तरी तिची एक मर्यादा नोंदवली पाहिजे. प्रभाला पगार किती, ती कायम आहे की करारावर, तिचे प्रशिक्षण कोठे झाले, याविषयी चित्रपट जवळजवळ गप्प आहे. पार्वतीच्या खोलीचा प्रश्न जितक्या ठोसपणे येतो तितक्या ठोसपणे प्रभाच्या नोकरीचा येत नाही. जर्मनीला गेलेला पुरुष धुक्यासारखा राहिला तर चालते. परंतु प्रभा स्वतः जर्मनीला जाण्याचा विचार का करत नाही, आपल्या विद्येचे मोल तेथे किती हे तिला कधी जाणून घ्यावेसे वाटत नाही का, असा प्रश्न तिच्यासारख्या असंख्य मुली ज्या शहरात परदेशी भाषेच्या शिकवण्या लावतात तेथील प्रेक्षकाला पडल्याशिवाय राहत नाही. 'टेक ऑफ'ने कर्जाचा हिशेब मांडला आणि हातांना विसरला. 'ऑल वी इमॅजिन'ने हात पाहिले आणि हिशेब धूसर ठेवला. दोन्ही एकत्र असलेली कथा अजून कोणी सांगितलेली नाही.

ती मराठीत सांगितली जावी, असे आम्हाला वाटते, आणि त्याला निकडीचे कारणही आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्यात परिचारिकांचाही समावेश आहे. आजवर केरळची म्हणून ओळखली गेलेली ही वाट आता आपल्या मुलींसाठीही रुंद होत आहे. करारात त्यांना 'कुशल' म्हटले आहे. तेथे उतरल्यावर पहिले काही महिने त्या काय असतील, हे कोणीतरी त्यांना आधी सांगायला हवे, आणि ते सांगण्याचे काम दलालाच्या पत्रकापेक्षा साहित्य अधिक प्रामाणिकपणे करू शकते.

या नियतकालिकाच्या वाचकांत परिचारिका आहेत. काही निवृत्त होऊन आल्या आहेत, काहींच्या मुली आज बाहेर आहेत. त्यांना आमची एकच विनंती आहे. आपल्याकडे परिचारिकेने लिहिलेले काही छापायचे झाले की तिच्या त्यागाची आठवण मागितली जाते. ती आठवण बाजूला ठेवावी. पहाटे तीन वाजता, म्हाताऱ्या माणसाच्या सुकलेल्या हातावर, इतरांना न सापडलेली शीर आपल्याला कशी सापडली, बोटाच्या टोकाला काय जाणवले, हे लिहावे. दारातून श्वास कसा ऐकू येतो ते लिहावे. वाळूवर बसलेल्या प्रभाला कोणी प्रमाणपत्र विचारले नाही. इतरत्र सगळीकडे ते विचारले जाणार आहे. तेव्हा त्या विद्येचे वर्णन तरी आपल्या भाषेत असू द्यावे.